सोवळ्यातली कडी

"लाटणं कुठं ठेवलंत हो? पोळ्यांचं नव्हे, कडीचं!"

स्वयंपाकघरातून इंदुमतीबाईंचा आवाज आला तेव्हा आनंदराव बाहेरच्या खोलीत स्टुलावर चढून पंख्याच्या तारेवर अशोकाच्या पानांचं तोरण बांधत होते. तारेला जागोजाग सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले होते. ते दिसू नयेत म्हणून बायकोनं सकाळपासून टुमणं लावलं होतं.

"कूलरच्या मागं आहे. आणि ही झाकाझाक कशासाठी? आपण काय चोरून वीज घेतलीय?"

"चोरून नाही घेतली. पण आज कलावतीबाई यायच्यात."

एवढ्यावर आनंदरावांनी मुकाट्यानं आणखी चार पानं खोचली.

कलावतीबाई म्हणजे छावणीतल्या एका मेजरसाहेबांच्या पत्नी. जयपुरातल्या मराठी घरांत कुणाकडे काय शिजतं नि काय करपतं, याचा वास त्यांना आधी यायचा. गेल्या चैत्रात हळदीकुंकवाला आल्या, दारावरची घंटा दाबली आणि बोटाला मुंग्या येताच चारचौघींत म्हणाल्या, "वाईकरांकडे यायचं तर रबरी बूट घालून यावं बाई!" सगळ्या हसल्या. इंदुमतीबाईही हसल्या. पण ते हसू त्यांनी मनात कलावतीबाईंच्या नावे मांडून ठेवलं होतं, आणि वर्षभरात त्यावर बरंच व्याज चढलं होतं.

बनी पार्कातल्या एका जुन्या कोठीच्या मागच्या खोल्यांत वाईकरांचा संसार होता. आनंदराव रेल्वेच्या भांडार कचेरीत कारकून. कचेरीत त्यांच्या शब्दानं टाचणी हलत नसे. घरात मात्र साक्षात वीज त्यांच्या हुकमात होती. "बाजारचा स्विच म्हणजे कचकडं. आज आणला, उद्या तुटला," हे त्यांचं ब्रीद. त्यामुळे न्हाणीघरातला दिवा कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं लागायचा. शेगडीच्या उघड्या तारा भिंतीतल्या प्लगच्या भोकांत काड्यापेटीच्या काड्या ठोकून बसवलेल्या होत्या. आपल्या घरात आजवर इलेक्ट्रिशियननं पाऊल ठेवलेलं नाही, हे ते अशा थाटात सांगत, की दुसरा एखादा 'आमच्या घराण्यात कुणी कोर्टाची पायरी चढलं नाही' म्हणून सांगेल.

या राज्यात संसार करून इंदुमतीबाईंचे डोळे तयार झाले होते. कुणाच्याही घरी गेल्या की माणसांच्या आधी त्यांना तारा दिसत. कुठं तार सोललीय, कुठल्या भिंतीला ओल आहे, कुठलं बटण काळं पडलंय, हे त्या बसल्या जागेवरून हेरत. एकदा एका मुलीला बघायला गेल्या होत्या. मुलीचा रंग काय होता ते त्यांना सांगता आलं नाही, पण दिवाणखान्यातला होल्डर लोंबकळत होता हे घरी येऊन सांगितलं. स्वतःच्या घरात त्या कुठलीही धातूची वस्तू आधी बोटांच्या मागच्या बाजूनं चाचपत, मग धरत. घरोघरी मातीच्या चुली असतात. यांच्याकडे जिवंत तारा होत्या, इतकंच.

आणि कूलरची कडी म्हणजे आनंदरावांच्या कारागिरीचा मानाचा तुरा. चांदपोलच्या कबाड्याकडून त्यांनी एका जुन्या दरवाजाची पितळी कडी आणि कोयंडा आणला. दोन्ही सागवानी फळीवर ठोकून फळी भिंतीला लावली. कडीला जिवंत तार, कोयंड्याला कूलरची. कडी कोयंड्यात पडली की कूलर घरघरायला लागे, उचलली की थांबे. मात्र नुसत्या हातानं ती उचलायची सोय नव्हती. त्यासाठी एक जुनं लाटणं होतं, आणि ते धरणाऱ्यानं कडीखाली ठेवलेल्या लाकडी पाटावर उभं राहायचं होतं.

विलास, त्यांचा एकुलता एक मुलगा, लहान होता तेव्हा त्याला करंट म्हणजे काय ते समजावणं कठीण होतं. पण आजी सोवळ्यात असली की तिला शिवायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंदुमतीबाईंनी तेच नाणं चालवलं. "ही कडी सोवळ्यातली आहे हं. शिवायचं नाही." पोरगं शहाणं, त्यानं हात मागं घेतला. पुढं आजी गेली, तिच्याबरोबर तिचं सोवळंही गेलं; शब्द तेवढा कडीपाशी राहिला. मग चिमटा सोवळ्यातला झाला, शेगडी सोवळ्यातली झाली. वीज गेली की आनंदराव म्हणत, "चला, घर ओवळ्यात आलं, आता कुठंही हात लावा." तिघं हसत. दसऱ्याला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा फळीलाही हळदीकुंकवाची बोटं लागत, झेंडूचं फूल खोचलं जाई. परक्या माणसानं पाहिलं असतं तर वाईकरांचं कुठलंसं कुलदैवत भिंतीवर बसवलंय, असंच त्याला वाटलं असतं.

आज घरात असं एक परकं माणूस यायचं होतं. म्हणजे सून.

विलास बँकेत लागला आणि गेल्या वर्षी त्यानं प्रतिमा मेश्रामशी कोर्टात लग्न केलं. तिचे वडील देवराम रेल्वेत गार्ड. मूळचे नागपूरकडचे, बौद्ध. मुलगी जयपुरातच लहानाची मोठी झालेली, मालवीय नगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. आनंदराव वर्षभर मुलाशी बोलले नाहीत. जोडप्यानं मालवीय नगरातच बिऱ्हाड केलं. इंदुमतीबाईंनी मात्र कधी उपास काढून, कधी डोळ्यांत पाणी आणून नवऱ्याला वळवलं, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सुनेला पहिल्यांदा घरी बोलावलं. चारचौघींसमोर तिची ओटी भरायची असं त्यांनी ठरवलं होतं. इतरांच्या सुना आपोआप घरात येतात. आपण आणली, हे त्यांनी स्वतःच्या जमेला धरलं होतं, आणि जमेची ही बाजू कलावतीबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी अशी त्यांची इच्छा होती. चांगुलपणा एकट्यानं करायचा म्हणजे अंधारात काजळ घालण्यासारखं. निदान इंदुमतीबाईंना तरी तसं वाटे.

प्रतिमा शाळेतून परस्पर आली. दारात रबरी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या आणि उत्तरपत्रिकांची पिशवी त्यांच्याजवळच ठेवली.

"आईजी, उशीर झाला. मतलब, बसच मिळाली नाही."

"अगं ये, ये. आणि आईजी काय? नुसतं आई म्हण."

"हो, आईजी."

दोघी हसल्या. आनंदरावांनी सुनेकडे पाहून मान हलवली, "बस, बस," म्हणाले आणि बायकांचं राज्य सुरू व्हायच्या आत पिशवी घेऊन बाहेर पडले. त्यांच्या हिशेबी एवढं पुष्कळ होतं.

स्वयंपाकघरात प्रतिमानं न सांगता विळी ओढली आणि डाळीत घालायची कैरी किसायला घेतली. इंदुमतीबाई पन्ह्यात वेलची घालत होत्या. थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "तुला कुंकू लावू ना गं? म्हणजे, तुमच्याकडे..."

"आमच्याकडे नाही लावत. पण बाबा म्हणाले, मानानं बोलावलं तं मानानं जाय. लावा तुम्ही."

मग तिनं डाव्या हातानं विळी धरली आणि उजवा तळवा पुढं केला. त्यावर निळ्या शाईनं बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. "उखाणा ऐका ना, आईजी. विलासनी बनवून दिलाय. उच्चार बरोबर येतो का सांगा.

हवामहालाच्या जाळीतून वारा येतो गार,
विलासरावांचं नाव घेते, उघडा घराचं दार."

"तळहातावर लिहिलंस होय!"

"मुलं कॉपी करतात ना परीक्षेत, त्यांच्याकडूनच शिकले."

इंदुमतीबाईंना ती पोर त्या क्षणी मनापासून आवडली. हिशेब-बिशेब सगळं बाजूला राहिलं. हिला घर दाखवावं, काय कुठं आहे ते सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. कडीचं सांगणं ओठांवर आलंही होतं. पण सुनेला घर दाखवायचं म्हणजे आधी देव दाखवतात, मग भांडी. या घरात करंट कुठं कुठं लागतो ते पहिल्याच दिवशी काय दाखवायचं? चहाच्या वेळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात बायका आल्या. आनंदरावांनी घंटेची तार आज सकाळीच काढून ठेवली होती, त्यामुळे त्या कडी वाजवत आल्या. दाराची.

खोली भरली. कोपऱ्यात गौर बसली होती; गणगौरीच्या बाजारातून आणलेली, लाल घागऱ्यातली, आणि नाकात मात्र वाईची नथ. एरवी कडीखाली असणारा पाट आज तिच्याखाली होता. कूलर घरघरत होता आणि त्याच्या पायाशी नेहमीप्रमाणे पाणी झिरपून फरशी ओली झाली होती. कलावतीबाईंनी बसता बसता चारही भिंतींवरून नजर फिरवली.

"यंदा सजावट जोरात आहे हं, इंदुताई. आणि तुमच्या त्या तारा कुठं गेल्या सगळ्या?"

"कसल्या तारा?" इंदुमतीबाई म्हणाल्या आणि अत्तरदाणी पुढं केली.

प्रतिमा भिजवलेले हरभरे ओंजळीनं एकेकीच्या ओटीत घालत होती. कलावतीबाईंनी ओटी घेतली, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि इंदुमतीबाईंकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, "छान आहे हो सूनबाई. अगदी कळत नाही."

"काय कळत नाही, काकू?" प्रतिमानं विचारलं.

"अगं, म्हणजे... जयपुरात वाढलीस ते! मराठी किती छान बोलतेस."

हरभऱ्याचं पातेलं घेऊन प्रतिमा पुढच्या बाईकडे गेली. इंदुमतीबाईंनी ते ऐकलं होतं. ते न ऐकल्यासारखं करून त्या सुनेला कुंकू लावायला पुढं झाल्या. तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, ओटी भरली. सगळं मनासारखं झालं होतं.

"आता नाव घ्यायचं!" सुमन ओरडली. छावणीतलीच, नवीन लग्न झालेली, बडबडी. "विलासरावांचं नाव ऐकल्याशिवाय आम्ही डाळ खायची नाही."

"आधी तो कूलर थांबवा गं कुणीतरी," कलावतीबाई म्हणाल्या. "विमान उडतंय डोक्यावरून. नाव घेतलं तरी कुणाला ऐकू जाणारेय?"

कूलरच्या सगळ्यात जवळ प्रतिमाच होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, तार कुठं जाते ते पाहिलं आणि फळीकडे हात नेला.

खोलीच्या दुसऱ्या टोकाहून इंदुमतीबाई ओरडल्या, "शिवू नको! सोवळ्यातली आहे ती!"

वर्षानुवर्षांची सवय बोलली. बायकांनी फळीवरच्या हळदीकुंकवाकडे पाहिलं, झेंडूच्या वाळक्या फुलाकडे पाहिलं, मग प्रतिमाकडे, आणि मग आपापल्या डाळीच्या बशीत. कुणी हसलं नाही. हसणारी माणसं या घरातली तिघंच होती, आणि त्यातली दोघं तिथं नव्हती. इंदुमतीबाईंना आपलाच शब्द पहिल्यांदा बाहेरून ऐकू आला.

प्रतिमाचा हात थांबला होता. अजून काही बिघडलं नव्हतं. 'करंट' एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो जिभेवर आला आणि समोर कलावतीबाई दिसल्या; भुवया उंचावलेल्या, बशी हातात, रबरी बुटांचा पुढला अंक ऐकायला तयार. करंट म्हणायचं म्हणजे सकाळपासून खोचलेलं अशोकाचं पान न् पान आपल्याच हातानं ओरबाडून काढायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण चटकन लाटण्यानं कडी उचलू, मग पोरीला आत नेऊन सांगू, ती हसेल, आपणही हसू. हा सगळा हिशेब इंदुमतीबाईंनी डोळ्याचं पातं लवतं न लवतं एवढ्यात केला. हिशेबाला त्या पहिल्यापासून तेज.

"राहू दे गं, मी करते," त्या हसून म्हणाल्या आणि बायकांच्या मधून वाट काढू लागल्या. "तुला नाही ते जमायचं."

"मी शिवायचं नाही, मतलब?"

"तसं नव्हे गं. ते घरच्या माणसानंच करायचं असतं."

"घरच्या," प्रतिमा म्हणाली. तिच्या कपाळावर आत्ताच लावलेलं कुंकू होतं. तिनं कलावतीबाईंकडे पाहिलं नाही, सुमनकडे पाहिलं नाही. वर्गात एखादा मुलगा चुकीचं उत्तर देतो तेव्हा पाहतात तसं सासूकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "शिवून बघते, आईजी. देवाला काही होत नसतं."

आणि तिनं ओल्या हातानं कडी मुठीत धरली.

देवाला काही झालं नाही.

कडीनं मूठ सोडली नाही. प्रतिमाच्या तोंडून आवाजही निघाला नाही. नुसती मान मागं गेली आणि हातातल्या नव्या बांगड्या एकमेकींवर थरथरू लागल्या. सुमन पहिली उठली, दोन्ही हात पुढं करून धावली.

"शिवू नका तिला!" इंदुमतीबाई किंचाळल्या. "कुणी शिवू नका!"

सुमन जागीच थबकली. सगळ्या थबकल्या. इंदुमतीबाईंनी कूलरमागचं लाटणं ओढलं आणि सुनेच्या मनगटावर हाणलं. मूठ सुटली नाही. त्यांनी पुन्हा हाणलं, जीव खाऊन. तेव्हा ती सुटली आणि पोर हरभऱ्यांत कोसळली. फरशीवर हिरव्या काचा विखुरल्या.

"अगं बाई!" कलावतीबाई म्हणाल्या. "करंट होता होय!"

आणि खोटं कशाला सांगायचं, एकदोघींचा जीव भांड्यात पडला. सोवळ्याबिवळ्याची काही भानगड नव्हती. नुसता करंट होता.

प्रतिमा वाचली. उजव्या तळव्यावर कडीच्या रुंदीची काळी भाजणूक उमटली आणि शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच. सरळ होतील असं डॉक्टर कधी म्हणत, कधी म्हणत नसत. पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हा इंदुमतीबाई तिथंच होत्या. भाजल्याच्या कडेनं निळी शाई अजून दिसत होती. 'उघडा घ' एवढं वाचता येत होतं.

इस्पितळात त्या रोज चहा घेऊन जात. विलास आईशी गरजेपुरतं बोलायचा. एका दुपारी तो औषधं आणायला गेला, तेव्हा प्रतिमा म्हणाली, "आईजी, एक विचारू? करंट आहे असं का नाही म्हणालात?"

"अगं, आमच्यात तसंच म्हणतात. विलासला विचार हवं तर. तो लहान होता तेव्हापासून..."

"विलासनी सांगितलं. आजीचं पण सांगितलं. मला हसू आलं. मतलब, जोक चांगला आहे." तिनं पट्टीतला हात उशीवर नीट ठेवला. "पण मी थांबले होते ना, आईजी. थांबून विचारलं होतं. तेव्हा का नाही म्हणालात?"

इंदुमतीबाईंकडे उत्तर होतं. दोन-तीन शब्दांचं होतं.

"सुचलं नाही गं तेव्हा," त्या म्हणाल्या.

"हं," प्रतिमा म्हणाली. "तुमच्यात तसंच म्हणतात."

तिनं कूस बदलली. इंदुमतीबाईंनी थर्मासचं झाकण लावलं. ते आट्यांत बसेना, तिरकं बसलं, तसंच घेऊन त्या घरी आल्या.

इस्पितळातून प्रतिमा माहेरी, रेल्वे क्वार्टरमध्ये गेली. विलासही तिकडेच राहायला गेला. इकडे आनंदरावांनी कडीला सायकलची ट्यूब गुंडाळली, वरून सुतळीनं घट्ट आवळली आणि लांबून न्याहाळली. "आता काळजी नाही. मुळात दोष कडीचा नव्हताच, ओल्या हाताचा होता." इंदुमतीबाईंनी नवा स्विच आणायचं एकदा सुचवलं. आनंदरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्या पोलिसांत वर्दी द्यायला निघाल्या आहेत. मग तो विषय राहिला. वैशाख तापला होता. कूलर लावावाच लागत होता.

अशाच एका टळटळीत दुपारी देवराम मेश्राम आले. उंच, वाळके, कडक इस्त्रीचा सदरा घातलेले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"या ना, आत या," इंदुमतीबाई म्हणाल्या. "पाणी आणते."

"पानी पिऊन निंगालो बाई. पोरीच्या चपला राह्यल्या इथं. अन् पोरांचे पेपर. शाळेतून मानूस येऊन गेला दोनदा. डाव्या हातानं तपासतो म्हनते."

चपला होत्या तिथंच, भिंतीशी जोडीनं लावलेल्या. इतके दिवस दोघांनीही त्या उचलल्या नव्हत्या. झाडताना इंदुमतीबाई त्यांच्या भोवतीनं केरसुणी फिरवत. पिशवी आतल्या कपाटात होती. ती आणायला त्या आत गेल्या. बाहेर येतात तो देवराम खोलीत आले होते आणि फळीसमोर उभे होते. कूलर घरघरत होता.

"हे चालूच हाय?"

"ट्यूब बसवलीय आता," आनंदराव खुर्चीतून म्हणाले. "अगदी निर्धोक." देवराम फळीवरून नजर काढेनात, तसं त्यांना आणखी बोलणं भाग पडलं. "वाईट झालं. पण आमच्याकडून कसूर नाही हो झालेली. हिनं बजावलं होतं तिला. सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं होतं, शिवू नको म्हणून."

देवराम सावकाश वळले.

"ते तं आमाले पह्यलेपासून सांगतेत, साहेब," ते म्हणाले. "म्हनून तं शिवली थे."

इंदुमतीबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. हा माणूस आता पिशवी घेईल, चपला घेईल, जाईल. त्याच्यामागून दार लावलं की झालं. घरातली गोष्ट घरात राहील आणि 'सुचलं नाही' हेच खरं ठरेल. पिशवीतल्या कागदांची कड त्यांच्या बोटांना टोचत होती.

"मी करंट म्हणाले नाही," त्या म्हणाल्या. "म्हणता येत होतं. वेळ होता. पण चारचौघी बसल्या होत्या. घराची शोभा होईल म्हणून नाही म्हणाले."

"काय बोलतेस?" आनंदराव म्हणाले.

देवरामांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते इंदुमतीबाईंकडे पाहत होते. रागानं पाहिलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

"करंट म्हनलं असतं तं तिनं काऊन हात लावला असता, बाई? इज्ञान शिकवते थे शाळेत."

त्यांनी पिशवी घेतली, खांद्याला अडकवली. दारात जाऊन चपला उचलल्या. इंदुमतीबाईंना वाटलं, गेले. पण ते पुन्हा आत आले.

"हे बंद कायनं करता?"

इंदुमतीबाईंनी लाटणं दिलं. पाट गौरीखालून निघाल्यावर परत कडीखाली आलाच नव्हता. देवरामांनी खाली ओल्या फरशीकडे पाहिलं, मग हातातल्या लेकीच्या रबरी चपला फरशीवर ठेवल्या आणि त्यांत पाय घातले. पाय निम्मेच मावले; टाचा बाहेर राहिल्या, तशा त्यांनी वर उचलून धरल्या. तसंच चवड्यांवर उभं राहून त्यांनी लाटण्यानं कडी उचलली.

कूलर थांबला. घरात इतका आवाज होता हे तो थांबल्यावर कळलं.

"कोनाचं लेकरू येईन घरात," देवराम म्हणाले. "त्याले समजनार नाई तुमची भाषा."

लाटणं त्यांनी इंदुमतीबाईंच्या हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं. चपलांतून पाय काढले, त्यांचं पाणी स्वतःच्या धोतराला पुसलं, एकीवर एक ठेवून त्या पिशवीत पेपरांच्या बाजूला सरकवल्या आणि पायऱ्या उतरून गेले.

आनंदराव खुर्चीतच होते. कडी कोयंड्यातून निघून वर अडकली होती. फळीवरचं दसऱ्याचं कुंकू उकाड्यानं काळपटलं होतं. इंदुमतीबाईंनी पदराचं टोक हाताशी घेतलं आणि ते पुसायला हात पुढं केला.

"अगं, शिवू नको," आनंदराव मागून म्हणाले. "कडी अजून सोवळ्या..."

शब्द तिथंच राहिला. बाईंचा हातही फळीच्या वीतभर अलीकडे राहिला. कूलरच्या वाळ्यातलं उरलंसुरलं पाणी फरशीवर ठिबकत होतं.